कृशतेचा अर्थ : मिरजेतील क्षय, उपवास आणि किशोरवय

मिरजेचा वैद्यकीय इतिहास बहुधा रुग्णालयांचा आणि शस्त्रक्रियांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यात गैर काही नाही. तथापि या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, ती म्हणजे या गावाने आणि भोवतालच्या कृष्णाकाठच्या प्रदेशाने कृश होत जाणाऱ्या तरुण देहाचा अर्थ वेळोवेळी कसा लावला, ही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी जेवेनाशी झाली, वाळत चालली, तिची पाळी थांबली, तर घरच्यांनी त्याला कधी दृष्ट म्हटले, कधी व्रतनिष्ठा, कधी रुसवा, आणि क्षयाच्या उपचारासाठी दूरदूरचे रुग्ण जेथे येत त्या मिरजेत साहजिकच क्षय. आहारविकार हे नाव या यादीत फार उशिरा आले. किशोरवयातील आहारविकारांना कारण होणाऱ्या ज्या गोष्टींना वैद्यक ‘जोखमीचे घटक’ म्हणते, म्हणजे ज्या असल्या की रोगाची शक्यता वाढते पण ज्या एकेकट्या रोग घडवतीलच असे नाही, त्या सगळ्या परदेशातून आल्या असा सर्वसाधारण समज आहे. मिरजेचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. यांतील कितीतरी गोष्टी येथील स्वयंपाकघरात आणि देवघरात पूर्वीपासून होत्या, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत खरा बदल झाला तो कृशतेच्या अर्थात.

आहारविकार ही मनोविकारांची एक शाखा असून तिच्यातील दोन रोग येथे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला ॲनोरेक्सिया नर्व्होसा : यात रुग्ण जाणूनबुजून अन्न कमी करत जातो, वजन धोकादायक पातळीपर्यंत घसरते, आणि तरीही त्याला आपण स्थूल आहोत किंवा होऊ अशी भीती वाटत राहते. दुसरा बुलिमिया नर्व्होसा : यात ताबा सुटून अतिभक्षण होते आणि त्यानंतर ते अन्न शरीराबाहेर टाकण्याचे वा उपासाने त्याची भरपाई करण्याचे प्रयत्न होतात, हे नाव ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिले. दोन्ही बहुधा किशोरवयात किंवा नवतारुण्यात सुरू होतात, आणि ॲनोरेक्सियाचा मृत्युदर मनोविकारांतील सर्वांत मोठ्या मृत्युदरांपैकी आहे, ही गोष्ट ‘मुलींची थेरे’ म्हणून हा विषय उडवून लावणाऱ्यांनी ध्यानात घेतली पाहिजे.

या रोगाचे पहिले स्पष्ट वैद्यकीय वर्णन क्षयरोगावरील ग्रंथातच सापडते, हे मिरजेच्या संदर्भात फार अर्थपूर्ण आहे. लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये क्षयावर जो लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ताप, खोकला किंवा दम यांपैकी काहीही नसताना झिजत गेलेल्या दोन रुग्णांची हकिकत आहे : एक अठरा वर्षांची, सतत पुस्तकांत डोके घालून बसणारी मुलगी, जी अखेर दगावली, आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा, ज्याला मॉर्टन यांनी अभ्यास सोडून मोकळ्या हवेत जाण्याचा सल्ला दिला. मॉर्टन यांनी या झिजण्याचे मूळ मनाच्या क्लेशात शोधले आणि त्याला मज्जातंतूंपासून उद्भवणारा क्षय मानले. पुढे १८६८ मध्ये सर विल्यम गल यांनी ऑक्सफर्डमधील व्याख्यानात असा इशारा दिला की, अत्यंत कृश झालेल्या तरुण स्त्रियांच्या पोटात क्षयाच्या गाठी असतील असे वैद्याने गृहीत धरू नये, कारण त्यांचे दुखणे वेगळे असू शकते. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव त्यांनीच १८७३-७४ मध्ये रूढ केले. त्याच सुमारास पॅरिसचे वैद्य लासेग यांनी या रोगात कुटुंबाचे वर्तन कसे ठरावीक वळणाने जाते ते दाखवले : आधी विनवणी, मग धमकी, मग पुन्हा विनवणी, आणि आग्रह जितका वाढतो तितकी मुलगी अन्नापासून दूर जाते. मराठी घरातील जेवणाचा आग्रह ज्याने पाहिला आहे, त्याला हे वर्णन परके वाटणार नाही.

भारतीय वैद्यकालाही मन आणि अन्न यांचा हा संबंध अपरिचित नव्हता. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची, म्हणजे क्षयाची, जी चार कारणे सांगितली आहेत त्यांत शक्तीबाहेरचे श्रम आणि मलमूत्रादी वेग रोखणे यांच्या जोडीला शोक-चिंतादिकांनी होणारा धातुक्षय आणि विषमाशन, म्हणजे अवेळी व अयोग्य प्रमाणात खाणे, हीही आहेत. अरोचक, म्हणजे अन्नाविषयीची अरुची, ती तर शोक, भय, क्रोध यांनीही उत्पन्न होते असे आयुर्वेद मानतो. मराठीतील ‘झुरणीला लागणे’ हा शब्दप्रयोग याच समजुतीचा अवशेष आहे. त्यात मनाचे झुरणे आणि शरीराचे झिजणे वेगळे काढता येत नाही. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ हे वाक्य मात्र नेमके उलटे काम करते. मुलीने खाल्ले आहे, असे ते गृहीत धरते आणि दोष तिच्या अंगावर, जंतांवर, उष्णतेवर किंवा कोणाच्या तरी नजरेवर टाकते. मग मीठमोहऱ्या ओवाळल्या जात आणि तिने खरोखर किती खाल्ले हा प्रश्न विचारायचा राहून जाई.

तो प्रश्न पूर्वीच्या घरात विचारणे अवघडही होते. पंगतीची रीत अशी होती की पुरुष आणि मुले आधी जेवत, बायका मागाहून, आणि सुना सर्वांच्या शेवटी; उरेल त्यात भागवणे हा त्यांचा धर्म समजला जाई. परिणामी घरातील प्रत्येक पुरुषाचे ताट सर्वांना दिसे, पण वयात आलेल्या सुनेचे ताट कोणालाच दिसत नसे. ब्राह्मण घरांतील बालविधवांची अवस्था याहून कठोर होती : केशवपनाबरोबर एकभुक्त राहणे, म्हणजे दिवसातून एकदाच जेवणे, आणि चवीच्या पदार्थांचा त्याग हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलींवर आयुष्यभरासाठी लादले जाई, आणि त्यामागचा हेतू देहाची वासना उपासाने मारावी हाच होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा ज्या मुली त्यांच्यासमोर होत्या त्या अशा उपाशी किशोरी होत्या. या मुलींना आजच्या अर्थाने आहारविकार होता असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही, कारण भूक त्यांनी निवडलेली नव्हती. परंतु मुलीच्या देहाची शुद्धता तिच्या न खाण्याने मोजायची ही कल्पना मात्र याच घरांत पक्की झाली आणि विधवांच्या चाली गेल्यानंतरही ती पूर्णपणे गेली नाही.

उपवासाचा विचार येथे थोडा सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण मिरज हे अनेक धर्मांच्या उपवासांचे गाव आहे. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात रमजानचे रोजे, वारकरी घरांत एकादशी, घरोघर श्रावणी सोमवार, नवरात्र आणि हरतालिका, तर सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात मोठ्या संख्येने राहणाऱ्या दिगंबर जैन समाजात भाद्रपदातील दशलक्षण पर्वाचे उपवास, असा वर्षभराचा क्रम येथे चालतो. यातील बहुसंख्य उपवास आरोग्याला बाधक नाहीत, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण सांगते त्याप्रमाणे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि रताळी यांनी तो दिवस पुष्कळदा नेहमीपेक्षा जडच जातो. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे. इस्लाममध्ये रोजे वयात आल्यावर बंधनकारक होतात. हरतालिकेचे कडक व्रत मुलगी कुमारिका असतानाच हाती घेते. जैन घरांत किशोरवयीन मुलामुलींनी दीर्घ उपवास पूर्ण केले की त्यांचा सत्कार होतो. उपवासाला जे वय समाजाने योग्य ठरवले, नेमके त्याच वयात ॲनोरेक्सियाची सुरुवात होते, आणि म्हणून आजारी उपास श्रद्धेच्या उपासामागे लपण्याची सोय येथे जितकी आहे तितकी इंग्लंड-अमेरिकेत नाही.

याची उलट बाजूही नोंदवली गेली आहे. किंग आणि भुगरा या संशोधकांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातील शाळकरी मुलींना पाश्चात्त्य प्रश्नावली दिली तेव्हा सुमारे २९ टक्के मुलींचे गुण रोगाच्या शंकेच्या रेषेवर गेले; तपासाअंती दिसले की काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी धार्मिक उपवासाच्या संदर्भात लावला होता. परदेशी मापाने मोजले तर भारतात रोग नाही तेथे रोग दिसतो, आणि उपवासाच्या आदरापोटी पाहिलेच नाही तर रोग आहे तेथे तो दिसत नाही. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण साधी आहे. श्रद्धेचा उपवास पंचांगाप्रमाणे सुरू होतो आणि पारण्याला संपतो, सर्वांसोबत सोडला जातो आणि सोडताना आनंद असतो. आजाराच्या उपासाला पारणे नसते.

या पार्श्वभूमीवर मिरजेत आधुनिक वैद्यक आले. कॅनडात १८६५ मध्ये जन्मलेले विल्यम जेम्स वानलेस हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून १८८९ मध्ये भारतात आले, आणि १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय मिरजेत उभे राहिले. तीनच वर्षांनी त्याला वैद्यकीय शाळेची जोड मिळाली, आणि १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मुतखडा, मोतीबिंदू आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातून रुग्णांची रीघ लागली ती रेल्वेच्या जंक्शनमुळे अधिकच वाढली. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान वानलेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. प्रतिजैविके नव्हती त्या काळात आरोग्यधामाचा उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि दूध, अंडी, तूप असा भरपूर पौष्टिक आहार, आणि उपचार लागू पडतो आहे की नाही हे सांगणारे सर्वांत सोपे साधन म्हणजे वजनकाटा. वजन वाढले की रुग्ण वाचण्याची आशा, घटले की घरच्यांना निरोप. या प्रदेशातील कुटुंबांना शरीराचे वजन नियमाने मोजण्याची गोष्ट कळली ती बहुतांशी अशा ठिकाणी, आणि तेव्हा काट्याचा आकडा वर जाणे हीच सुवार्ता होती.

अशा काळात कोणतीही आई आपल्या मुलीने बारीक व्हावे अशी इच्छा करणे शक्य नव्हते. त्यातच १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांची आठवण ताजी होती, आणि ‘खात्यापित्या घरची’ ही मुलीची शिफारस होती. त्या काळच्या स्त्रीदेहाच्या आदर्शाचा सर्वांत बोलका पुरावा मिरजेतच मिळतो. नारायणराव राजहंस या तरुणाच्या कानाच्या दुखण्यावर उपचार व्हावेत म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी त्याला मिरजेला डॉ. वानलेस यांच्याकडे पाठवले, आणि पुढे १९०५ मध्ये मिरजेतच किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगभूमीवर तो शकुंतला म्हणून उभा राहिला. हेच बालगंधर्व. तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. पुढील कित्येक वर्षे महाराष्ट्रातील स्त्रियांनी नऊवारी नेसण्याची, केस बांधण्याची आणि दागिने घालण्याची पद्धत बालगंधर्वांकडून उचलली, आणि ज्या देहाचे हे अनुकरण होते तो भरलेला, गोलाईचा देह होता. पुढे नायिकेच्या भूमिकेत त्यांचे अंग बरेच भरले तरी प्रेक्षक त्यांच्यावर तितकेच प्रेम करत राहिले. एका किशोराने रंगवलेल्या स्त्रीरूपाकडे पाहून स्त्रियांनी आपले रूप घडवावे, ही घटना एवढे तरी सिद्ध करते की आदर्श देह हा निसर्गाने ठरवलेला नसून पाहून शिकलेला असतो.

हा आदर्श बदलण्याआधी क्षयाची भीती ओसरणे आवश्यक होते. स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील औषधाचा शोध १९४३ मध्ये लागला, आणि मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले की औषधे नीट घेतली तर क्षयाचा रुग्ण घरी राहूनही आरोग्यधामाइतकाच बरा होतो. आरोग्यधामांचे दिवस तेव्हाच भरले. क्षय नाहीसा झाला नाही, आजही तो येथे आहे. परंतु मध्यमवर्गीय घरात कृशता म्हणजे मृत्यूची चाहूल हे समीकरण सुटले, आणि त्यामुळे कृशतेला दुसरा अर्थ, सौंदर्याचा आणि स्वयंशिस्तीचा, मिळण्यास जागा मोकळी झाली. देशातील मोठ्या रेल्वे फलाटांवर रंगीत दिव्यांची वजनयंत्रे आली, त्यांतून वजनाबरोबर भविष्य छापलेले तिकीट पडे. आणि हळूहळू काट्याचा आकडा खाली जाणे ही सुवार्ता ठरू लागली. वधूवर-सूचकाच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ हा शब्द ‘गोरी’च्या शेजारी येऊन बसला, आणि मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात तिच्या अंगयष्टीवर तिच्यासमोर बोलणे हा पाहुण्यांचा हक्कच समजला गेला.

दुसरा बदल वयाचा होता. किशोरवय ही बालपण आणि संसार यांच्यामधली दीर्घ अवस्था पूर्वीच्या मुलीच्या वाट्याला येतच नव्हती. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने वय दहावरून बारावर नेले तेवढ्यावरून महाराष्ट्रात रणे माजली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले, आणि अठरा हे वय तर १९७८ मध्ये आले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान असल्याने ब्रिटिश मुलखातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. १९४८ मध्ये ते विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. दरम्यान वानलेसवाडीच्या परिसरात १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शिक्षणाने मुलींना सहा-आठ वर्षांचे स्वतःचे आयुष्य दिले, ही विसाव्या शतकातील सर्वांत मोठी कमाई आहे, आणि तिच्याबद्दल कोणतीही तक्रार करता येत नाही. परंतु त्याबरोबर परीक्षा आली, गुणानुक्रम आला, घराबाहेरची खाणावळ आणि वसतिगृह आले, आणि सर्व काही इतरांच्या हाती असताना आपल्या ताब्यात राहू शकणारी एकच गोष्ट म्हणजे आपले ताट, ही जाणीव आली. मॉर्टन यांच्या दोन्ही रुग्णांच्या हकिकतीत अभ्यास आहे, हे येथे आठवावे.

आजचे संशोधन जोखमीच्या ज्या गोष्टी सांगते त्यांत काही जन्मजात आहेत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून ॲनोरेक्सियाच्या प्रवृत्तीचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक दिसतो. चिंतातुर, काटेकोर आणि स्वतःच्या चुका सहन न होणारा स्वभाव हा तिचा नेहमीचा साथीदार. मुलीला समवयस्कांच्या आधी पाळी येणे, घरात वा वर्गात शरीरावरून चिडवले जाणे, लहानपणी अत्याचार सोसावा लागणे, आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहासारखा, खाण्यावर सतत पहारा ठेवायला लावणारा आजार, हेही धोका वाढवतात. परंतु प्रत्यक्ष ठिणगी बहुतेकदा ‘डाएट’ची असते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचा तीन वर्षे मागोवा घेऊन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडक डाएट करणाऱ्या मुलींना आहारविकार होण्याची शक्यता इतरांच्या १८ पट, आणि मध्यम डाएट करणाऱ्यांना ५ पट आढळली. उपाशी शरीर मनालाही बदलते, हे अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांवर केलेल्या अर्धपोटी ठेवण्याच्या प्रयोगात दिसले होते : अन्नाशिवाय दुसरा विचार न सुचणे, चिडचिड, एकलकोंडेपणा ही लक्षणे केवळ उपासमारीने उत्पन्न झाली.

चित्रांचा परिणाम किती वेगाने होतो याचे उदाहरण फिजी बेटांवरचे आहे, जेथे भरलेला देह हाच सुंदर मानला जाई. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. त्या वर्षी शाळकरी मुलींपैकी १२.७ टक्के आहाराविषयीच्या चाचणीत धोक्याच्या रेषेवर होत्या, आणि १९९८ मध्ये २९.२ टक्के. महाराष्ट्रात उपग्रह वाहिन्या १९९१-९२ मध्ये आल्या, १९९४ मध्ये दोन भारतीय तरुणी एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी झाल्या, आणि २००८ च्या सुमारास ‘झिरो फिगर’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही रुळला. आता आरसा मोबाइलच्या रूपाने खिशातच असतो.

मुलगे यातून सुटलेले नाहीत. कवठे पिरानचे हिंदकेसरी मारुती माने यांच्या या जिल्ह्यात तालमीचा आदर्श खुराकाचा होता : दूध, बदाम, थंडाई आणि जोर-बैठका. मातीतून गादीवर आलेल्या कुस्तीने वजनगट आणले, आणि वजनगटांबरोबर लढतीआधी वजन उतरवण्याची पद्धत आली. महिला मल्ल विनेश फोगाट यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील अंतिम लढतीतून केवळ १०० ग्रॅम जास्त भरल्याने बाद व्हावे लागले. जेथे मोजणी इतकी बारीक असते, तेथे वाढत्या वयाच्या मल्लांच्या खाण्याकडे वस्तादांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

भारतीय रुग्णांची लक्षणे पुस्तकी वर्णनाहून वेगळी असतात, हे दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ मध्येच लिहिले होते : त्यांच्या पाच तरुण रुग्णांनी अन्न नाकारले होते, त्यांचे वजन घटले होते, पण आपण जाड दिसतो असे त्या म्हणत नव्हत्या. मिरजेप्रमाणेच मिशनचे रुग्णालय असलेल्या वेल्लोर येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मनोविकारांसाठी आलेल्या मुलांपैकी सुमारे सव्वा टक्का मुलांत आहारविकार आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांची तक्रार मानसिक कारणाने होणाऱ्या उलटीची होती. येथील मुलगी ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे बहुधा म्हणतच नाही; ती म्हणते, भूक नाही, पोट भरल्यासारखे वाटते, मळमळते, आज उपास आहे. म्हणून ती आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाते, मग क्षयाच्या तपासणीला, आणि तपासण्या स्वच्छ निघाल्या की ‘काही नाही’ असे ऐकून घरी परतते.

मिरजेतील डॉक्टरांनी कृश मुलीची क्षयासाठी तपासणी करावी, ती आवश्यकच आहे. पण फुप्फुसे निर्दोष निघाली म्हणजे तपास संपला असे न मानता तिला एकटीला बसवून तिच्या जेवणाविषयी, पाळीविषयी आणि अभ्यासाविषयी विचारावे. घरच्यांनी न उघडता परत आलेला डबा, जेवणाच्या वेळा टाळणे, पंचांगात नसलेले उपास आणि तीन महिने न आलेली पाळी यांकडे दृष्ट किंवा हट्ट म्हणून पाहू नये, आणि तिच्या अंगाविषयी पाहुण्यांना बोलू देऊ नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या केंद्र शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.